गर्द सुटत नाही, तो मनाचा कमकुवतपणा का?

पाणकणीस
माझा धाकटा भाऊ 4 वर्षं गर्द ओढत होता. पन्नीवर पुडी, खालून काडी, वर नळी. मागच्या आठवड्यात मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "मनावर घेतलं असतं तर कधीच सुटलं असतं." मला हे अजिबात पटत नाही. गर्द म्हणजे हेरॉइनच. ते मेंदूत जाऊन मॉर्फिन होतं आणि एन्डॉर्फिनच्या, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं त्या वेदनाशामकाच्या, जागा बळकावतं. रोज बाहेरून आयतं मिळायला लागलं की मेंदू त्याच हिशोबानं चालू लागतो. काल एका पुडीत भागायचं, आज दोन लागतात. शेवटी शेवटी भाऊ मजेसाठी ओढतच नव्हता, टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास, येऊ नये म्हणून ओढायचा. ती टर्की मी पाहिलीय. नाक गळतंय, जांभयांवर जांभया, मे महिन्यात अंगावर काटा, आणि पाय असे झाडत होता की पलंगावरची चादर टराटरा फाटली. त्याला काय म्हणायचं, मनावर घे?

सरळरेघ
ताई, तुमची तळमळ कळते. पण आजार म्हटलं की माणूस जबाबदारीतून मोकळा होतो. 1971 साली व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची पाहणी ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केली. तिथं असताना साधारण पाचातला एक जण हेरॉइनच्या आहारी गेला होता. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले शेकडा 5 च्या आसपासच पुन्हा अडकले. मेंदूच ताब्यात गेला असता, तर बाकीचे कसे सुटले? आमच्या चाळीतल्या एकानं आईचं मंगळसूत्र विकलं. दर वेळी "आजारी आहे हो" म्हणून पांघरूण घातलं गेलं.

नाईटड्युटी
मी नर्स आहे. सैनिक घरी आले तेव्हा पुडीवाला, अड्डा, सोबती सगळं समुद्रापार राहिलं. आपला मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून सुटतो आणि रिक्षातून त्याच नाक्यावर उतरतो.

खरा धोका तिथंच आहे. महिनाभर बंद राहिलं की शरीराची सवय उतरते, पण हाताला जुनंच माप आठवतं. तेवढंच घेतलं की श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्र मंदावतं. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घशातून घरघर. घरच्यांना वाटतं, चला, आज शांत झोपला. अशी घरघर ऐकली की हलवून उठवा, उठला नाही तर लगेच दवाखाना गाठा. नॅलॉक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर श्वास परत येतो.

सरळरेघ
मान्य. पण मग गर्द सोडवायला देतात ती ब्युप्रेनॉर्फिनची गोळी कशाला? एक नशा सोडवायला दुसरी?

नाईटड्युटी
ती गोळी त्याच जागांवर बसते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. डोस वाढवला तरी एका मर्यादेपुढे असर चढत नाही. जिभेखाली विरघळली की दिवसभर टर्की नाही, माणूस कामावर जातो. काही जण गोळी कुटून टोचतात, हेही खरं. म्हणूनच आम्ही ती समोर बसवून देतो.

बोरीबंदर
मला सोडून 11 वर्षं झाली. सरळरेघ, मीही आईचं मंगळसूत्र विकलं होतं. आजारी होतो म्हणून ते पाप फिटलं नाही, 3 वर्षं हमाली करून नवं करून दिलं. पण मनोबळाचं म्हणाल, तर मी 5 वेळा सोडलं. टर्की आठवड्याभरात ओसरायची. त्यानंतर जे राहतं ते कुणाला दिसत नाही. आजही लेकीनं चॉकलेटची चंदेरी पन्नी सपाट केली की माझ्या पोटात कळ येते. मी उठून बाहेर जातो.

सरळरेघ
तुम्ही फेडलंत, तुम्हाला हात जोडतो. पण ज्यानं फेडलं नाही, त्याच्या आईनं किती दिवस समजून घ्यायचं? याचं उत्तर मला अजून मिळालं नाही.

पाणकणीस
एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती. मामांच्या कपाटातले 8 हजार भावानंच नेले होते. ते आम्ही फेडणार, त्याच्या पगारातून. मामा म्हणतात, आधी गोळी बंद करा, मग माझ्या दारात या. ते मात्र मी ऐकणार नाही. उद्या सकाळी 9 ला त्याच्याबरोबर केंद्रावर जातेय.