मदत हवी आहे: टायटन बारा की तेरा?

निळीशाई
प्लीज कोणीतरी लवकर सांगा, उद्या सकाळी तक्ता द्यायचाय. ग्रीकांच्या जुन्या देवांची, म्हणजे टायटनांची, वंशावळ काढलीये, वर त्यांचे आईबाप गाया (पृथ्वी) आणि युरेनस (आकाश), खाली सहा मुलगे सहा मुली अशा बारा चौकटी शाईने काढून झाल्या आणि आता नावं तेरा निघतायत. कुठलं गाळू? शिवाय प्रत्येकाखाली तो कशाचा देव ते लिहायचंय, कोयस आणि क्रायसचं काही सापडतच नाहीये.

दगडीपाटा
यादी कुठून घेतली ते सांगा की आधी. तेरावं नाव कोणतं?

सोनटक्का
झ्यूस, हेरा, पोसायडन, डिमीटर, अथेना, अपोलो, आर्टेमिस, एरीस, अफ्रोडाइटी, हेफेस्टस, हर्मीस आणि हेस्टिया. आमच्या लेकीने पाठ केलेत, बाराच आहेत.

निळीशाई
अहो ते ऑलिंपियन, पुढची पिढी. मला त्यांच्या आधीचे हवेत. तेरावी डायोनी. दोन-तीन ठिकाणांहून जुळवलीये यादी.

दगडीपाटा
मग तिथेच घोळ झालाय. ग्रीक कवी हेसिअडने, इसवीसनपूर्व ७०० च्या आसपास, बाराच दिलेत. डायोनी त्याच्याकडेही आहे पण ओशनस-टेथिस या टायटन जोडप्याच्या मुलींमध्ये. अपोलोडोरसच्या नावावरच्या नंतरच्या ग्रंथात ती टायटन बहिणींत आलीये. तिला एक पिढी खाली उतरवा, चौकटी तशाच राहू द्या.

वाळवंट
क्रोनसखाली 'काळाचा देव' लिहा.

दगडीपाटा
नका लिहू. काळ म्हणजे ख्रोनोस, शब्द वेगळा. क्रोनसच्या हातातला विळा गायाने दिला, बापाला खच्ची करायला.

वाळवंट
ग्रीक लेखक प्लूटार्क स्वतः म्हणतो की ग्रीक लोक क्रोनस म्हणजे काळच मानतात, मग चूक कसं?

दगडीपाटा
प्लूटार्क हेसिअडनंतर सातआठशे वर्षांनी आला, तक्ता हेसिअडचा आहे ना.

केळफूल
अवांतर, पण राहवत नाही. क्रोनस स्वतःची मुलं गिळायचा, म्हणून त्याची बायको रियाने बाळ झ्यूसऐवजी दुपट्यात गुंडाळून दगड दिला आणि क्रोनसने तो गिळला ना, तोच म्हणून ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवस्थानात एक दगड दाखवायचे आणि त्यावर रोज तेल ओतायचे, पॉसेनियस या जुन्या ग्रीक प्रवाशाने लिहिलंय. आणि रोमन लोकांनी सॅटर्न म्हणजे क्रोनसच मानला, म्हणजे आपला शनी! तेल वाचून अंगावर काटाच आला माझ्या. शनीच्या चंद्रांना रिया, टेथिस, आयापेटस ही नावं खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४७ मध्ये सुचवली.

निळीशाई
छान आहे हो, पण कोयस-क्रायस??

दगडीपाटा
हेसिअड त्यांना कुठलं खातंच देत नाही. नेटवर कोयस 'बुद्धीचा देव' असतो तो नावावरून बांधलेला अंदाज. निमोसिनी म्हणजे स्मृती, तिच्या नऊ मुली म्यूज, म्हणजे कलांच्या देवी; थेमिस म्हणजे रीत, न्याय; हे पक्कं. बाकीच्यांखाली मुलंबाळं लिहा. कोयस आणि फीबीची लेटो, म्हणजे अपोलो-आर्टेमिसची आई. क्रायसचा मुलगा पर्सीस, त्याची मुलगी हेकाटी.

निळीशाई
हे जमेल. शेवटचं, झ्यूसशी झालेल्या लढाईनंतर सगळे टायटन टार्टारसमध्ये, म्हणजे पाताळातल्या कैदेत ना? साखळ्या काढल्यात सगळ्यांना.

केळफूल
ओशनसची पुसा! त्याच्याच सल्ल्याने त्याची मुलगी स्टिक्स सगळ्यात आधी झ्यूसकडे गेली होती. आणि बहिणींना पण नको, थेमिस आणि निमोसिनी तर पुढे झ्यूसच्याच बायका झाल्या.

निळीशाई
बरं झालं विचारलं. साखळ्या पेन्सिलीच्याच आहेत अजून, पुसते.