मदत हवी आहे: मी ३१, बाबा ६४, रिपोर्ट सेम. घरात एकच जेवण चालेल का?

अर्धवट_इंजिनिअर: लवकर सांगा प्लीज, घरात रोज कटकट चाललीय. कंपनीच्या चेकअपमध्ये ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २३८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, फास्टिंग शुगर १०८ आली. डॉक्टर म्हणाले मेटाबॉलिक सिंड्रोम, मला वाटायचं हे म्हाताऱ्यांचं असतं. बाबांना शुगर-बीपी आहेच, २ वर्षांपूर्वी खटावहून पुण्यात आले तेव्हापासून जास्तच, तिकडे शेतावर चालणं व्हायचं आणि इथे अकराव्या मजल्यावरून लिफ्टने खाली येऊन बाकावर बसतात. आई दोघांचं वेगवेगळं करून वैतागलीय. एकच डाएट चालेल का? मी जाडा नाहीये, ६८ किलोच आहे.

कोथरूडची_काकू: ६८ 'च' म्हणजे उंची किती? बीपी? कंबर? बाबांच्या गोळ्या कुठल्या? सगळं गाळून डाएट विचारतोय.

अर्धवट_इंजिनिअर: ५ फूट ७. बीपी १३२/८६. कंबर ३४. बाबांची एक शुगरची, एक बीपीची.

कोथरूडची_काकू: ३४ हा पँटचा नंबर झाला रे! टेप घे, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लाव, श्वास सोडून मोज. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०, त्याच्या आत हवी. कंबर, बीपी, शुगर, ट्रायग्लिसराईड, एचडीएल या पाचपैकी तीन बिघडले की सिंड्रोम, तुझे कंबर न मोजताच चार झालेत.

दोनदाच_जेवा: दोघांनाही दीक्षित सरांचं डाएट सुरू करा. दोन वेळा, ५५ मिनिटांत, विषय संपला. माझे ८ किलो गेले.

गोळीवाला: विषय संपला काय? काका ग्लिमेपिराईडवर (शुगर उतरवणारी गोळी) असतील आणि एक जेवण चुकवलं तर शुगर फार उतरून घाम फुटून पडतील. गोळीचं नाव कळल्याशिवाय असले सल्ले देऊ नका.

दोनदाच_जेवा: डॉक्टरांना विचारून करा असंच म्हणायचं होतं.

गोळीवाला: वर कुठे लिहिलंय?

घाण्याचं_तेल: मूळ कारण रिफाइंड तेल. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणा, पत्ता हवा तर मेसेज करा.

पेठेतला: ६८ किलो म्हणजे जाडा नाही हे विसर. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी यडकिनना ९.१ टक्के आणि याज्ञिकांना २१.२. २००४ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये दोघांचा फोटोच छापलाय. तुझा बीएमआय साडेतेवीस, आपल्या भारतीयांना २३ लाच धोक्याची घंटा वाजते.

पॉलिसी_मित्र: आधी टर्म इन्शुरन्स काढून घ्या, नंतर प्रीमियम वाढतो.

अर्धवट_इंजिनिअर: टेपने ९६ भरली 😐 बाबांच्या पाकिटावर ग्लिमेपिराईड-मेटफॉर्मिन आहे. आणि एक राहिलंच, माझी नाईट शिफ्ट असते, रात्री एकला बिर्याणी खाल्ली आणि सकाळी साडेसातला रक्त दिलं.

कोथरूडची_काकू: हे आत्ता सांगतोस?! साडेसहा तासांचं कसलं फास्टिंग? १०-१२ तास उपाशी राहून परत कर, मग बोलू. बीपी-कंबर तरी खरंच आहे म्हणा. जेवण एकच चालेल, पोळ्या-भात कमी, उसळ-भाजी जास्त, पण बाबांची वेळ गोळीप्रमाणे, तुझ्या शिफ्टप्रमाणे नाही. आणि दोघांच्या मागे धावणाऱ्या आईची शुगर कधी बघितली?

अर्धवट_इंजिनिअर: आई म्हणते मला काही झालेलं नाही.

कोथरूडची_काकू: टेप तुझ्याकडेच आहे ना.

घाण्याचं_तेल: ५ लिटरच्या डब्यावर घरपोच आहे.