हरणाच्या शिकारीला रायफलवर फिक्स ४एक्स स्कोप (नेम धरायची दुर्बीण) पुरतो की झूम हवाच?

पेनकर: थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी आमच्या अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनियात रायफलचा हरणाचा हंगाम सुरू होतो. दुकानदार ज्याला त्याला ३-९ चा झूम, म्हणजे तीनपट ते नऊपट मोठं दाखवणारा स्कोप, गळ्यात मारतात. माझं ठाम मत, इथल्या दाट झाडीत कायम चौपटच दाखवणारा फिक्स ४एक्सच घ्यावा. वीव्हर कंपनीचा के४ हा तसा स्कोप एल पासोच्या कारखान्यातून १९४७ पासून निघाला आणि कितीतरी घरांत बापाकडून लेकाकडे गेला. ल्यूपोल्ड कंपनीचा ४x३३ (चौपट, पुढची काच ३३ मिलिमीटरची) जेमतेम २६५ ग्रॅम भरतो. झूमची यंत्रणाच नाही, त्यामुळे बिघडायलाही फारसं काही नाही. मुख्य म्हणजे रायफल खांद्याला लावली की चित्र दरवेळी तेच. इथलं व्हाइटटेल हरीण झाडांच्या फटीत दोन-तीन सेकंद दिसतं. तेवढ्यात झूमची रिंग कोण फिरवणार?

माळरान: रिंग फिरवायचीच कशाला? ३ वर ठेवून चाला. १०० यार्डांवर तुमच्या ४एक्समधून साधारण २४ फुटांचा पट्टा दिसतो, माझ्या ३ वर ३३ च्या आसपास. म्हणजे झाडीतसुद्धा हरीण मलाच आधी सापडणार! आणि वायोमिंगच्या माळावर प्रॉन्गहॉर्न (हरणासारखा प्राणी) ३०० यार्डांवर उभं असतं. तिथे नर की मादी, हे ४एक्समधून कसं ओळखणार?

पेनकर: ते दुर्बिणीनं ओळखायचं. स्कोपमधून न्याहाळणं म्हणजे भरलेली रायफल तिकडे रोखणं. झुडपामागे माणूस निघाला तर? ही सवय मोठ्या झूमनंच लावली आहे आणि मला तिची खरोखर भीती वाटते.

माळरान: हे शंभर टक्के मान्य. पण तो दोष माणसाचा, स्कोपचा नव्हे.

राइनकाठ: जर्मनीत चांदण्यात रानडुकरांची वाट बघत बसणारे जुने शिकारी अजून फिक्स ८x५६ वापरतात. ५६ भागिले ८, म्हणजे स्कोपमधून डोळ्यात येणारा प्रकाशझोत ७ मिलिमीटरचा. अंधारात डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते. ३-९x४० ला ९ वर ठेवलंत तर झोत साडेचारच्याही आत.

माळरान: मग ६ वर आणा, पावणेसातच्या जवळ जातो. झूम असतो तो त्यासाठीच.

पेनकर: पॉवर बदलली की गोळी लागायची जागा सरकायची, हा जुन्या झूमचा रोग आता चांगल्या स्कोपमध्ये उरलेला नाही, हे खरं. पण बेताच्या पैशात काच फिक्सचीच उजवी मिळते.

माळरान: मिळते कुठे? नव्यात मोजकेच उरलेत. जुना के४ घ्यायचा तर आधी आत धुकं धरलंय का, ते उजेडासमोर धरून बघा.