एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आयुर्वेद शिकवावा का?

साखर पेठेतील फिजिशियन: ‘एमबीबीएसला आयुर्वेद शिकवणे म्हणजे खगोलशास्त्राच्या वर्गात पत्रिका मांडणे होय,’ असे काल इथे एका सर्जननी लिहिले, म्हणून सविस्तर उत्तर देतो. विडी वळणाऱ्या बायका सांधेदुखीवर वैद्याची पुडी घेतात. मात्र ‘औषध कोणते चालू आहे?’ असे विचारले तर पुडीचे नाव काढत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसते. अशाच एका आजींचा चेहरा सुजून गोल झाला होता आणि साखर भडकली होती. पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असावे, ही शंका वेळीच आली म्हणून पुडी एकदम न तोडता त्यांना सांभाळून बाहेर काढता आले. पोटदुखी आणि पंडुरोग घेऊन आलेल्या रुग्णाला रसौषधीबद्दल, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेल्या औषधाबद्दल आणि त्यात असू शकणाऱ्या शिशाबद्दल, विचारायला मुलांना कोण शिकवणार?

सर्जन, होटगी रोड: स्टेरॉइड आणि शिसे ओळखायला औषधशास्त्र पुरते, वात-पित्त-कफ हे त्रिदोष लागत नाहीत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधा या आयुर्वेदातल्या वनस्पतीवर निबंध प्रसिद्ध केला, तोही रुग्णांचे रक्तदाब मोजून. खरी भीती वेगळीच आहे. आज ओळख करून द्यायची आणि उद्या सरमिसळ करायची! नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तरांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा दिली, ती कोणत्या आधारावर?

बीएएमएस (आयुर्वेदाचा पदवीधर), मंगळवेढा तालुका: त्या पदव्युत्तरांनी तीन वर्षे शल्यतंत्र, म्हणजे आयुर्वेदातले शस्त्रक्रियाशास्त्र, शिकलेले असते, हे आपण सोयीस्कर विसरता. सर्पदंशाचा रुग्ण मध्यरात्री आला, तेव्हा प्रतिविष मीच दिले. आपले एमबीबीएस गावात राहायला तयार नसतात, त्याचे काय?

सर्जन: डॉक्टर गावात राहत नाहीत, हा सरकारचा दोष आहे. त्याची भरपाई रुग्णाच्या पोटावर सुरी चालवून करता येत नाही.

बीएएमएस: ही भाषा आपल्याला शोभत नाही. रोज गावात उभे राहणाऱ्यांचा हा अपमान आहे.

फिजिशियन: कोणी काय कापावे, हा प्रश्न मी मांडलेलाच नाही. २०२१ च्या इंटर्नशिप नियमांत भारतीय वैद्यकपद्धतींसाठी आठवडा ठेवलेला आहे. तो नुसत्या हजेरीत न घालवता रुग्णाला न दुखावता पुडीविषयी कसे विचारावे आणि कोणती वनस्पती कोणत्या गोळीला बाधते, एवढे तरी शिकवावे.

सर्जन: शिकवणारा औषधशास्त्राचा प्राध्यापक असेल आणि परीक्षेत त्रिदोष विचारले जाणार नसतील, तर तेवढ्यापुरता माझा विरोध नाही. ५८ शस्त्रक्रियांबाबत मात्र मी तसूभरही हटणार नाही.