मदत हवी आहे: स्कॉटलंडमधलं किलमार्टिन, गाडीशिवाय, आईसोबत

मे महिन्यात आई (वय ७१) आणि मी ग्लासगोहून आर्गाइलमधल्या किलमार्टिनला जाणार आहोत. दोघींपैकी कुणालाच गाडी चालवता येत नाही, म्हणून भाड्याची गाडी कृपया सुचवू नका. मुक्काम दक्षिणेला लॉकगिल्पहेडला आहे, बुकिंग झालंय. तिथून ओबानकडे जाणारी बस किलमार्टिनला थांबते, पण फेऱ्या मोजक्याच. त्यामुळे जायचं ते आठवड्यातल्या कामाच्या दिवशीच.

गाव एवढंसं, पण आसपास सहा मैलांत आठशेहून जास्त प्राचीन अवशेष! आईला सगळ्यात ओढ आहे ती नेदर लार्गीच्या दगडी समाध्यांची आणि टेंपल वुडच्या शिळावर्तुळाची. चर्चच्या आवारातल्या कोरीव थडग्यांच्या शिळा आणि संग्रहालय गावातच आहे, तिथं काही अडचण नाही.

नकाशावर समाध्या एका रांगेत, सपाट दरीत दिसतात. पण नकाशात चिखल दिसत नाही! आईचा गुडघा दुखतो. सपाटीवर काठी घेऊन तीनेक किलोमीटर सहज चालते. कुंपण ओलांडायच्या पायऱ्या मात्र जमणार नाहीत.

लॉकगिल्पहेड-किलमार्टिन रस्त्याजवळच्या डनॅड या प्राचीन किल्ल्यावरचा पाऊल कोरलेला खडक मला पाहायचाच आहे. तो टेकडीवर, म्हणून आई खाली थांबेल.

कुणी जाऊन आलं असेल तर सांगा: गावातून टेंपल वुडपर्यंतच्या वाटेवर अशा पायऱ्या आहेत का? आणि डनॅडच्या फाट्यावर हात दाखवला तर बस थांबते का?