मदत हवी आहे: गर्नसी-जर्सीच्या तिकिटांतली छुपी अक्षरं आणि अर्धं कापलेलं तिकीट

जुनेपाकीट: नमस्कार मंडळी. तिकीट प्रदर्शनाच्या स्पर्धेसाठी टपालातून निषेध या विषयाच्या १६ पानी फ्रेममध्ये जर्मन ताब्यातली चॅनल बेटं (फ्रान्सजवळची ब्रिटिश बेटं, त्यात गर्नसी आणि जर्सी; १९४०-४५) घेतोय. गर्नसीच्या लाल १ पेनीच्या चार कोपऱ्यांत बारीक 'व्ही' (V, म्हणजे व्हिक्टरी, विजय) हवेत, १० पट भिंगातून दोनच धड दिसतात. तिकीट नकली असेल का? शिवाय २ पेन्सचं तिरकं कापलेलं अर्धं तिकीट असलेलं पाकीट मिळतंय, शिक्का गर्नसी, २५ मार्च १९४१. घ्यावं का?

भिंगवाला: 'व्ही' बुजले म्हणून नकली ठरवू नका. ही तिकिटं बेटावरच्याच छापखान्यात निघाली, शाई कोपऱ्यात भरते. आधी कड बघा. गर्नसीला रूलेट आहे, म्हणजे नुसत्या चिरा. गोल भोकांचे दाते दिसले तर दात नंतर कुणी पाडले का, ते तपासा. दाते जर्सीला, ११ मापाचे (२ सेंमीत ११). निळसर कागदावरचं गर्नसी सापडलं तर उजेडासमोर धरा: १९४२ मध्ये फ्रेंच नोटांचा कागद वापरला होता, त्यात वेटोळ्यांचं जलचिन्ह (कागदातच उमटवलेली खूण) दिसतं.

जर्सी सोडू नका. तिकिटाचं चित्र काढणाऱ्या मेजर रायबॉट यांनी १ पेनीच्या चारही कोपऱ्यांत 'ए' घातला. अर्थ लॅटिन: 'आड आवेर्नुम आडोल्फ आट्रॉक्स', क्रूर अडॉल्फा, नरकात जा! अर्ध्या पेनीवर दोन 'ए', दोन 'बी': दुसरी जोडी बेनिटो मुसोलिनीसाठी. १९४३ च्या चित्रकार ब्लॅम्पिड यांच्या ३ पेन्सवर आकड्याशेजारच्या वेलबुट्टीत 'जीआर', म्हणजे 'जॉर्जियस रेक्स', इंग्लंडचा राजा जॉर्ज. पॅरिसमध्ये जर्मनांच्याच नाकाखाली छापलं हे, मजा आहे.

शिक्केबाज: पाकीट घेऊ नका. २ पेन्सचं तिकीट अर्धं कापून १ पेनी म्हणून लावायची मुभा २७ डिसेंबर १९४० ते २२ फेब्रुवारी १९४१ एवढीच. १८ फेब्रुवारीला १ पेनी आलं, मग कापायची गरज संपली. तारीख बरोबर असली तरी शिक्का कापलेल्या कडेवरून पाकिटावर सलग उतरलेला हवा. कडेपाशी रेघ तुटली किंवा सरकली, तर तुकडा नंतर चिकटवलाय. अतिनील दिव्याखाली पाकीट निळं-पांढरं उजळलं तर कागद युद्धानंतरचा. सुटा तुकडा पुरावा म्हणून शून्य.

आणि एक: कापणं हा निषेध नव्हता, १ पेनीची टंचाई होती. निषेधाच्या पानावर लावलंत तर परीक्षक गुण कापतील. टंचाईचं पान वेगळं करा.

जुनेपाकीट: पाकीट रद्द. अक्षरं प्रेक्षकांना दाखवायची कशी?

भिंगवाला: १२०० डीपीआयवर स्कॅन करून एकच कोपरा मोठा छापा, मूळ तिकिटाशेजारी. प्रत मूळ आकारापेक्षा किमान २५ टक्के वेगळी ठेवा. पीव्हीसीचे खिसे नकोत, पॉलिएस्टरचे घ्या. मोठ्या छपाईसाठी कमी बुजलेला नग निवडा. चारही 'व्ही' एकाच नगात मिळेपर्यंत थांबायची गरज नाही.