हार्ड डिस्क अडखळतेय. दुरुस्त केलीत की बदललीत?

नौपाडा, ठाणे : घरच्या जुन्या कॉम्प्युटरची १ टीबीची डिस्क परवापासून कुरकुरतेय. एक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये पिवळी, म्हणजे सावधानतेची खूण आलीय. आईनं दोन बोटांनी टाइप केलेल्या तिच्या सगळ्या पाककृती त्यातच आहेत, आणि आई आता नाही. ज्यांच्यावर ही वेळ आली होती, त्यांनी कृपया लिहा.

वाशी : माझा कॉम्प्युटरही सारखा अडकायचा, पण खूण निळीच, म्हणजे 'ठीक'ची होती. त्या प्रोग्रामच्या यादीतला 'सी७', म्हणजे डेटा ने-आण करतानाच्या चुकांचा (सीआरसी एरर) आकडा तेवढा वाढत होता. दुकानातल्या दादांनी फक्त डिस्क जोडणारी साटा केबल बदलली आणि तो आकडा तिथेच थांबला. डिस्क अजून चालू आहे. तुमची खूण पिवळी आहे, म्हणजे त्याच यादीत '०५' (बदली दिलेले खराब सेक्टर) किंवा 'सी५' बघा.

ऐरोली : ताई, हात जोडून सांगतो, विंडोजचं डिस्क तपासायचं चेकडिस्क चालवू नका. माझा 'सी५' वाढलेला, म्हणजे काही सेक्टर, डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचलेच जात नव्हते. दुरुस्त होईल म्हणून रात्री चेकडिस्क लावून झोपलो. ते मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर राबवत राहिलं. सकाळी डिस्क दिसेचना. मुलीच्या बारशाचे फोटो होते. रिकव्हरीवाल्यानं स्पष्ट सांगितलं, "डिस्क दुरुस्त होत नाही साहेब, आतलं जमेल तेवढं काढून देतो." नव्या डिस्कच्या कितीतरी पट पैसे गेले, निम्मेच फोटो आले. आधी प्रत काढली असती तर!

घोडबंदर रोड : टक-टक आवाज येत असेल तर लगेच बंद करा, पुन्हा चालू करून बघू नका. आमच्या इथल्या एकानं तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची सर्किटची पाटी बसवून बघितली, चालली नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी पाटीवरच्या रॉम नावाच्या चिपमध्ये असते, ती चिपही हलवावी लागते हे नंतर कळलं.

नेरूळ : दुकानाचा हिशेब दोन ठिकाणी होता. डिस्क गेली, त्याच दिवशी एसएसडी टाकली.

खारघर : टक-टक नसेल तर डीडीरेस्क्यू हा डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम वापरा. ते आधी धड भाग उचलतं, अडलेल्या जागांकडे शेवटी वळतं. प्रत नव्या डिस्कवर घ्या, त्याच डिस्कवर नको.

नौपाडा, ठाणे : 'सी५'च निघाला. सगळ्यात आधी आईचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं. एकशे बारा फायली, सगळ्या उघडल्या. बाकीची प्रत रात्री लावते. नवी डिस्क आणलीय.